दुर्कसमावशीचं बोडकं झाड

एका जंगलात जनावरांची एक मंडळी होती. मंडळी म्हणजे चर्च, मुलांनो. दर रविवारी सगळे आंघोळ करून यायचे, गाणी म्हणायचे, प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि पापणीच्या फटीतून शेजाऱ्यानं मिटलेत का ते बघायचे. घाबरू नका, या गोष्टीत वाघ नाही. मी घेणार होते, पण मागे कुठेतरी पाचोळा वाजला आणि तो बेत मी सोडून दिला.

या मंडळीत एक रीत होती. ज्या दिवशी बाप्तिस्मा, त्या दिवशी चर्चच्या मागच्या आवारात आपल्या नावाचं एक रोप लावायचं. ते साधंसुधं रोप नसे. त्याला आत्म्याचं फळ लागायचं. फळ एकच, पण आत नऊ फोडी. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. शेवटचा शब्द अवघड आहे खरा. पण डब्यात एकच लाडू उरला आणि समोर धाकटा भाऊ बसला असला, की त्याचा अर्थ आपोआप कळतो.

स्वभाव आतून बदलत गेला की झाडाला फळ धरायचं. केव्हा धरेल ते कुणालाच सांगता येत नसे. पाणी घालायचं काम आपलं, फळाचं काम आत्म्याचं. पण दर वर्षी हंगामाचा सण यायचा. सणाला बिशपसाहेब यायचे. त्यांना काहीतरी दाखवावं लागायचं. आणि आत्मा काही सणाची तारीख विचारून काम करत नसे.

मंडळीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. ती जागा रिकामी होती, म्हणून कमिटी गच्च भरली होती. कमिटीचे अध्यक्ष होते शमुवेल सांबर. शिंगं मोठी, आवाज त्याहून मोठा.

एका वर्षी सणाच्या तोंडावर सांबरांनी झाडं पाहिली. कुठे एखादी कळी, कुठे नुसतीच पानं. त्यांच्या स्वतःच्या झाडावर तर एक कोळी निवांत जाळं विणत बसला होता.

"हे काही बरं दिसत नाही," सांबर म्हणाले. दिसण्याची त्यांना फार काळजी.

त्यांनी शेजारच्या जंगलातून पोपटसरांना बोलावलं. पोपटसर शिबिरं घ्यायचे.

"फळ लागायची वाट कोण बघतं?" पोपटसरांनी विचारलं. "आळशी! आधी फळ दिसू द्या, लागेल ते मागाहून. चला, माझ्या मागोमाग म्हणा. मी सौम्य आहे!"

"मी सौम्य आहे!" रानडुक्कर एवढ्या जोरात ओरडलं की पुढच्या रांगेतला ससा बाकावरून खाली पडला.

शिबिर संपताना सगळ्यांना मेण वाटण्यात आलं. मधमाश्यांचं शुद्ध मेण, रंग आणि टांगायला दोरा. दुपारपर्यंत आवार लालपिवळं झालं. सांबरांच्या झाडावर इतकी फळं लटकली की फांदीला टेकू द्यावा लागला. कोळ्याला दुसरीकडे जायला सांगण्यात आलं.

एकाच झाडाला मेण लागलं नव्हतं. ते दुर्कसमावशीचं.

दुर्कसमावशी जातीनं साळिंदर. दुर्कस म्हणजे हरिणी. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव, त्यांचा काय दोष? मावशीच्या अंगभर काटे होते आणि जिभेवरही थोडे होते. कुणी "जय ख्रिस्त, मावशी" म्हटलं, तर ती म्हणायची, "जय ख्रिस्त. पाय पुसून ये, चिखल केलास सगळा."

सांबर मेणाचा गोळा घेऊन तिच्याकडे गेले.

"मावशी, घ्या. फळं करा. उद्या सण आहे."

"मेणाची? आणि कुणी चावलं म्हणजे?"

"फळ कशाला कोण चावेल?" सांबर म्हणाले.

मावशीनं मान हलवली. "माझं एक आहे खरं. ते बघ, आतल्या फांदीला. पिकत आलंय. बाकीची काय होतात कळत नाही बाबा. पिकायला लागलं की दारात कुणीतरी उभंच. कटकट नको म्हणून देऊन टाकते. सणापुरतं साठवून ठेवावं तर तेवढी शिस्त नाही अंगात."

"मग तेवढं एक तरी सांभाळा," सांबर आवाज उतरवून म्हणाले. "कमिटीनं ठरवलंय. सणाला ज्याच्या झाडावर फळ नाही, त्याचं झाड तोडायचं. ज्याचं झाड नाही, त्याला चर्चमध्ये जागा नाही."

"कमिटीत कोण आहे रे?"

"मी आहे. पण मी बहुमतात आहे."

यावर मावशी काहीच बोलली नाही. मुलांनो, ही साधी गोष्ट नव्हे. मावशी नेहमी बोलायची. पण चर्चमध्ये शेवटच्या बाकाचं टोक तिचं होतं. तिथे तिचे काटे कुणाला टोचत नसत आणि तिचं बेसूर गाणंही कुणाला ऐकू जात नसे. तेवढी एक जागा गेली तर रविवारी जायचं कुठे, हेच तिला सुचेना.

सणाच्या दिवशी उजाडताच ती झाडाखाली जाऊन बसली. फळ पिकलं होतं. सुगंध सुटला होता.

आणि कुंपणापलीकडून एक तरस आलं. ते मंडळीतलं नव्हतं. बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं. ते उभं राहिलं आणि दात काढून बघत राहिलं.

"आज नाही," मावशी म्हणाली.

तरसानं नाक वर करून फळाचा वास घेतला.

"उद्या ये. आज सण आहे. हे गेलं तर माझं झाड जाईल, समजलं?"

"समजलं," तरस म्हणालं आणि खरोखरच वळलं. वळताना त्याचा तोल गेला.

"थांब!" मावशी खेकसली. "असा पडू नकोस माझ्या दारात. लोक काय म्हणतील? घे, खा. आणि हळू खा, ठसका लागेल मेल्या."

फळ देऊन ती पाठमोरी झाली आणि चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली. आजच्यापुरतं तरी बसू देतील, असं तिला वाटलं.

थोड्या वेळानं बिशपसाहेब आले. बिशप हत्ती होते. मोठे, दमलेले आणि भुकेले. वाटेतल्या प्रत्येक मंडळीनं त्यांना हार घातला होता, नाश्ता मात्र कुणीच दिला नव्हता. हार खाता आले असते, पण ते बिशपांना शोभलं नसतं.

"काय सुंदर फळं!" म्हणत त्यांनी सांबरांच्या झाडाचं सगळ्यात मोठं फळ सोंडेनं तोडलं आणि तोंडात टाकलं.

बिशपांनी चावलं. मग पुन्हा चावलं. वरचे दात खालच्या दातांना चिकटले.

"कसं आहे, साहेब?" सांबरांनी विचारलं.

"फार... टिकाऊ," बिशप म्हणाले.

"आमेन!" सगळे म्हणाले.

चारचौघांत थुंकायचं कसं? बिशप "जरा पाय मोकळे करतो" असं पुटपुटत आवाराच्या टोकाला गेले. तिथे एक बोडकं झाड होतं. बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवलेली. झाडाच्या देठादेठावर दातांच्या खुणा. आणि मागे तरस बसलेलं, हनुवटीवरून रस ओघळत असलेलं.

बिशपांनी मेण थुंकलं. तरसानं ते पाहिलं. दोघंही ओशाळले.

"मी इथला नाही, साहेब," तरस घाईघाईनं म्हणालं. "म्हातारीनं दिलं. हे गेलं तर झाड जाईल म्हणत होती, तरी दिलं. एवढी एक फोड उरलीय. घेता?"

बिशपांनी ती फोड खाल्ली आणि ते मंडळीकडे वळले.

परत आल्यावर ते म्हणाले, "ते झाड तोडायचं नाही. या आवारात कुणाच्या तरी पोटात गेलेलं फळ तेवढ्या एकाच झाडाचं आहे."

शेवटच्या बाकावरून कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण सांबर हुशार होते. त्यांनी बिशपांचं म्हणणं मनापासून मानलं. दुसऱ्याच दिवशी मावशीच्या झाडाला बांबूचं उंच कुंपण घातलं, वर हार चढवला आणि पाटी लावली, 'आदर्श झाड. हात लावू नये.'

"अरे मेल्या, मी आत कशी जाऊ?" मावशी म्हणाली.

"तुम्ही आता कशाला त्रास घेता? तुमचा सन्मान झालाय."

पोपटसर पुन्हा आले. नवं शिबिर घेतलं. मेणाची फळं सगळ्यांनी उतरवली आणि प्रत्येकानं आपापल्या झाडाचे देठ स्वतःच चावून ठेवले. रानडुकरानं तर एक फांदीच संपवली, कारण त्याला सगळ्यांपेक्षा जास्त नम्र दिसायचं होतं.

पुन्हा सण आला. आवारात जिकडेतिकडे उष्टे देठ. आणि कुंपणाच्या आत मावशीचं झाड फळांनी वाकलेलं. वर्षभर कुणाचा हात पोचलाच नव्हता. बाहेर तरस बांबूच्या फटीत नाक खुपसून उभं होतं. फटीत जवळजवळ मावेल इतकं ते आता बारीक झालं होतं.

सांबरांनी झाड पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला.

"एवढी फळं! म्हणजे वर्षभरात कुणाला एकही दिलं नाही? मावशी, हा स्वार्थ झाला."

"कुंपण तूच घातलंस ना रे!"

"ते सन्मानाचं कुंपण आहे. त्याचा इथे काय संबंध? कमिटीचा नवा नियम आहे. ज्याच्या झाडावर फळं दिसतील, त्याचं झाड तोडायचं." आणि ते कुऱ्हाड आणायला गेले.

मावशीनं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा तरसाकडे. मग ती खाली बसली आणि बांबू कुरतडायला लागली. साळिंदराचे दात, मुलांनो, ते काही शिबिरातून मिळत नाहीत. बघता बघता कुंपण आडवं झालं.

"या रे," ती ओरडली. "तोडणारच आहेत, तर निदान खाऊन घ्या. ढकलाढकली केली तर टोचेन."

तरस आलं. मग ससा आला. मग हळूच रानडुक्कर आलं. देठ चावून चावून त्याच्या तोंडाला कडू चव आली होती. ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोललं. "मावशी, मी घेऊ?"

"विचारतोस काय? घे."

झाड रिकामं झालं. तरसानं शेवटची फोड मावशीपुढे धरली.

"मी कधी खाल्लंच नाही," ती म्हणाली. "उरायचं कुठे?" तिनं फोड तोंडात घातली. "अगं बाई. गोड आहे की! मला वाटायचं, माझ्या झाडाचं म्हणजे आंबटच असणार."

तेवढ्यात सांबर कुऱ्हाड घेऊन आले. मागोमाग बिशपही आले. सांबरांनी बोडक्या फांद्या पाहिल्या, ओले उष्टे देठ पाहिले आणि कुऱ्हाड पाठीमागे लपवली.

"बघा साहेब," ते छाती काढून म्हणाले, "आमचं आदर्श झाड!"

मग रानडुकराकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "कुंपण कुणी पाडलं? ताबडतोब उभं करा. या खेपेला जरा उंच."

तात्पर्य: फळ लावायचंच तर मेणाचं लावावं. ते पडत नाही, सडत नाही आणि ते मागायला दारात कुणी उभं राहत नाही. चुकून खरं लागलंच, तर कुणी कौतुक करायच्या आत वाटून टाकावं. कुऱ्हाडीतून झाड एखादे वेळी वाचतं, मुलांनो. सन्मानातून वाचायला मात्र दात लागतात.