सातव्या स्लाइडवरचा पूल

मंगळवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. खैरपेठ तहसील कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात सातवी स्लाइड उघडली आणि सोनाळ नदीवरचा बोरवाडीचा पूल नदी सोडून अडीचशे मीटर अलीकडे, जयवंता खराट यांच्या तुरीत येऊन उभा राहिला.

खैरपेठ तालुक्यात आढावा बैठकीला जे भिंतीवर दिसतं आणि इतिवृत्तात उतरतं, ते लागू होतं. ही पद्धत नऊ वर्षं जुनी आहे. मागे एका शाळेचा फोटो आडवा ताणला गेला तेव्हा त्या शाळेला दोन वर्गखोल्या जास्तीच्या मिळाल्या. त्या वेळी कोणी तक्रार केली नाही. मी बातमी दिली होती. ती आतल्या पानावर एका रकान्यात लागली आणि खाली कोचिंग क्लासची जाहिरात होती.

पूल का हलला याचं कारण कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. सादरीकरण मंजिरी डोंगरदिवे यांनी केलं होतं. त्या अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या संगणक चालक. त्यांच्या टेबलावरचा संगणक नवा, सभागृहातला बारा वर्षांचा. एरवी त्या फाइल पीडीएफ करूनच वर नेतात, म्हणजे काही हलत नाही. या वेळी नायब तहसीलदार श्रीधर रत्नपारखी यांची इच्छा होती की जिल्ह्याहून आलेल्या साहेबांसमोर पूल डावीकडून उडत यावा आणि नदीवर बसावा. पीडीएफमध्ये काहीच उडत नाही. म्हणून फाइल तशीच वर गेली. जुन्या संगणकावर पूल डावीकडून निघाला आणि वाटेत थांबला. पडदा चौकोनी असल्यामुळे साठ मीटरचा पूल पंचेचाळीस मीटरचा झाला.

बैठकीत एकवीस अधिकारी होते. साहेबांनी पुलाकडे पाहून मान हलवली आणि चहा आला. इतिवृत्तात नोंद झाली, ‘बोरवाडी पूल : समाधानकारक.’ बारा वाजून वीस मिनिटांनी सह्या झाल्या आणि साहेब पुढच्या तालुक्याला गेले.

आणखी एक गोष्ट त्या सकाळी झाली होती, ती इथेच सांगितली पाहिजे. फाइलमध्ये बारा स्लाइड होत्या. नववी स्लाइड खैरपेठच्या डायलिसिस केंद्राची होती. केंद्राच्या चारपैकी एका मशीनची दुरुस्ती रखडली होती आणि साहेबांनी त्यावर काही विचारू नये म्हणून रत्नपारखींनी ती स्लाइड लपवायला सांगितली. काढायची नाही, लपवायची. त्या कार्यालयात कोणी काही काढत नाही. लपवलेली स्लाइड दाखवताना दिसत नाही, पण फाइलमध्ये असते. त्यामुळे मंगळवारी दिवसभर केंद्र चालू होतं, फक्त रस्त्यावरून दिसत नव्हतं. नेहमीचे रुग्ण पायांच्या सवयीनं आत जात होते.

मला पहिला फोन साडेबाराला आला. बोरवाडीचे केशव गवारे, निवृत्त पोस्टमन. ते शांतपणे म्हणाले, “पूल जाग्यावर नाही जी. खराटाच्या तुरीत हाये. उद्या सकाळी सातले हिचा नंबर हाये, तेवढं लिहा.”

ही म्हणजे त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई. वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना खिचडी रांधून घातली. दोन वर्षांपासून दोन्ही मूत्रपिंडं निकामी. बुधवार आणि शनिवार, सकाळी सात ते अकरा, खैरपेठच्या केंद्रात डायलिसिस. शनिवार ते बुधवार ही मधली फट मोठी. मंगळवारपर्यंत पाय सुजतात, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. एक पाळी चुकली तर पाणी छातीत चढतं, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं होतं.

मी एक वाजता नदीवर पोचलो. धरणातून रब्बीचं पाणी सोडलेलं होतं, पात्र दोन्ही काठांनी भरून वाहत होतं. पूल तुरीत उभा होता. कठडे, पिवळा रंग, भूमिपूजनाची पाटी, सगळं जागच्या जागी, फक्त आखूड. खराट पुलाच्या सावलीत बसले होते. मधल्या खांबाखाली किती ओळी तूर गेली, एवढंच ते मोजत होते.

बांधकाम विभागाचे कनिष्ठ अभियंता आधीच आले होते. त्यांनी पुलावर तीन वेळा पाय आपटून पाहिला आणि पूल सुस्थितीत असल्याचं सांगितलं. पूल कुठे आहे हा प्रश्न त्यांच्या विभागाचा नव्हता. तो सादरीकरणाचा, म्हणजे महसूलचा. फार तर नदी इकडे वळवता येते का, असा अर्ज पाटबंधारे विभागाकडे करता येईल, त्याला नव्वद दिवस लागतात.

पलीकडच्या काठावर पंचफुलाबाई उभ्या होत्या. हातात अर्ध्या लिटरची बाटली. दिवसभराचं पाणी तेवढंच. अभियंत्यांनी काठावर येऊन नव्वद दिवस ओरडून सांगितले, ते त्यांना ऐकू गेले.

“बरं हाय,” त्या तिकडून म्हणाल्या. “तुमी नदीले नोटीस द्या. मी तोवर पानी न पेता बसून राहीन. तसंबी मले मनाईच हाये.”

दुसरा रस्ता आहे का, असं मी विचारलं. होता. सहाव्या स्लाइडवर तो प्रस्तावित म्हणून तुटक रेषेनं दाखवला होता. दुपारी गावातला एक ट्रॅक्टर त्या रस्त्यानं निघाला. दहा पावलं डांबर, मग दहा पावलं काहीच नाही, मग पुन्हा डांबर. तिसऱ्या तुकड्यानंतर ट्रॅक्टर परत आला.

साडेतीनला मी रत्नपारखींच्या दालनात होतो. एकतीस वर्षं मी या कार्यालयात येतो. इथे प्रश्न विचारला की आधी खुर्ची मिळते, मग चहा, मग दुसऱ्या टेबलाचा पत्ता. मी खुर्ची घेतली नाही. उद्या सकाळी सातपर्यंत पूल नदीवर येणार की नाही, एवढंच विचारलं.

रत्नपारखी म्हणाले की फाइल योग्य आहे, संगणक अयोग्य आहे. तेव्हा योग्य संगणकावर उघडून पुन्हा भिंतीवर दाखवायची आणि पुरवणी इतिवृत्त करायचं. मंजिरीताईंचा संगणक वर आणला. त्याला प्रोजेक्टरची वायर बसेना. वायरीचं टोक रुंद आणि दोन स्क्रूंचं, संगणकाचं भोक बोटाच्या पेराएवढं. मधला जोड मागवायला तीन दरपत्रकं लागतात. मग एकेका शाखेचा संगणक वर यायला लागला. नदीच्या काठावर केशवराव फोन धरून उभे होते आणि तिकडून सांगत होते.

निवडणूक शाखेच्या संगणकावर फाइल उघडली. केशवराव म्हणाले, पूल नदीवर आला, पण उलटा, खांब आभाळात. पुरवठा शाखेच्या संगणकावर वेगळं, फुकटचं सॉफ्टवेअर होतं. तिथे पूल सरळ झाला, मात्र खांबांच्या जागी काळे गोल ठिपके आले, ते वरही टेकत नव्हते आणि खालीही. त्याच वेळी गावाच्या पाटीवरची अक्षरं जाऊन चार रिकामे चौकोन उरले. ते अजून तसेच आहेत. एसटीचा कंडक्टर चार वेळा टाळी वाजवून गावाचं तिकीट देतो. भूमी अभिलेखच्या संगणकानं फाइल उघडली, पण ‘फक्त पाहण्यासाठी’. केशवराव खुशीत म्हणाले की पूल जसाच्या तसा आला. मग फोनवर थोडा वेळ पाण्याचा आवाज आला. पूल दिसत होता, पण पाऊल त्यातून खाली जात होतं. त्यांची एक चप्पल वाहून गेली.

पावणेसहा वाजले. पंचफुलाबाईंनी फोन घेतला. त्या रत्नपारखींशी बोलल्या नाहीत, मंजिरीताईंशी बोलल्या.

“बाई, तुह्या घरच्या कंप्युटरवर तो पूल नीट दिसते ना?”

“माझ्या टेबलावरच्या संगणकावर नीट दिसतो, मावशी.”

“मंग त्याले तिथंच थिजव. दही लावते तसा. मंग तो पाट्यावर ठेव नाहीतर परातीत ठेव, हलत नाही.”

मंजिरीताई दोन तासांपासून हेच सांगत होत्या. आपल्या संगणकावर पीडीएफ करायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि सभागृहात दाखवायची. रत्नपारखींना अडचण होती ती साहेबांची. साहेबांना पूल उडत येताना आवडला होता.

“सर,” मंजिरीताई म्हणाल्या, “पुलानं उडायची गरज नाही. उभा राहिला तरी लोक खूश होतील.”

सहा वाजून दहा मिनिटांनी पीडीएफ भिंतीवर लागली. केशवरावांचा फोन आला. पूल नदीवर होता, साठ मीटर पूर्ण, खांब दगडाचे. ते अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले होते आणि धापा टाकत होते. पुरवणी इतिवृत्तावर त्याच क्षणी सही झाली. हा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून रत्नपारखींनी आदेश काढला की मूळ फाइल आणि तिच्या सर्व आवृत्त्या काढून टाकाव्यात. त्या कार्यालयात कोणी काही काढत नाही, असं मी वर म्हटलं आहे. त्या दिवशी काढलं. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘साहेब फायनल’ आणि ‘हीच उघडा’ अशा चार होत्या. मंजिरीताई एक प्रत राहू द्या म्हणाल्या. त्यांना लेखी आदेश दाखवण्यात आला. पावणेसातला संगणकाची कचरापेटीही रिकामी झाली. मी ‘पूल परत’ असा मथळा पाठवला. मलाही घरी जायची घाई होती, हे नाकारत नाही.

बुधवारी सकाळी सहा पस्तीसला पंचफुलाबाईंची रिक्षा पुलावरून आली. मी अलीकडे उभा होतो. त्यांनी रिक्षा थांबवून कठड्याला हात लावला. “थिजला,” त्या म्हणाल्या, आणि मलाही रिक्षात बसवून घेतलं. डब्यात मीठ न घातलेली भाकरी आणि वरण होतं.

केंद्र बाजार समितीमागच्या रस्त्याला, रेशनचं गोदाम आणि जनावरांचा दवाखाना यांच्या मधे. रिक्षा तिथे सहा पन्नासला पोचली. गोदाम होतं. त्याला लागून जनावरांचा दवाखाना होता. मधे काही नव्हतं. मोकळी जागाही नव्हती. दोन्ही इमारतींच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या होत्या आणि सांध्यावर जुनं शेवाळ होतं. रिक्षावाल्यानं तीन फेऱ्या मारल्या. पंचफुलाबाई खाली उतरल्या, त्यांनी डोळे मिटले आणि सवयीनं चालत गेल्या. त्यांचं कपाळ भिंतीला लागलं.

साडेसातला कार्यालय उघडायला लावलं. पीडीएफ पाहिली. पानं अकरा होती. लपवलेली स्लाइड पीडीएफमध्ये येत नाही, हे मंजिरीताईंना माहीत होतं, आणि त्यांनी धावत जाऊन संगणकाची कचरापेटी उघडली. ती रिकामीच होती. ती स्लाइड सकाळी लपवायला सांगितली होती, हे संध्याकाळी सहा वाजता कोणाच्याच लक्षात नव्हतं. माझ्याही नव्हतं. रत्नपारखींनी पानं दोनदा मोजली आणि सांगितलं की खैरपेठमध्ये डायलिसिस केंद्र असल्याचा कोणताही पुरावा कार्यालयाच्या अभिलेखात नाही. केंद्राचे डॉक्टरही तिथे आले होते. आपण गेली चार वर्षं रोज कुठे कामाला जातो, हे कोणीतरी लिहून द्यावं, अशी त्यांची विनंती होती.

पंचफुलाबाईंना जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायला रुग्णवाहिका आली. चौऱ्याऐंशी किलोमीटर. त्यांना श्वास लागायला सुरुवात झाली होती. तरी त्या चढेनात. त्यांनी रत्नपारखींच्या टेबलावरचा कागद ओढला आणि मला लिहायला सांगितलं.

“मंगळवारची संध्याकाळची पाळी चार ते आठ असते. माह्या हाताले सुई टोचताना मी सगळ्यायचे नंबर ऐकतो. लिहा. काशिराम उंबरकर. शबाना शेख. दिगंबर टाले. आन् उषा मोहोड, तिनं मागं एकदा माह्यासोबत शनिवारची पाळी बदलून घेतली होती. चौथी मशीन रविवारी दुरुस्त झाली, तुमाले ठाऊक नाही. चार मशीन, चार मानसं, आन् सुया टोचणारी संगीता सिस्टर.”

दुपारी दोन वाजता त्यांना जिल्ह्याला मशीन मिळालं. प्रकृती स्थिर आहे, असं तिथून कळवलं आहे.

त्यांनी लिहवून घेतलेल्या त्या अर्जाला बुधवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पोच मिळाली. आज अकरावा दिवस. उंबरकरांची सायकल गोदामासमोर कुलूप लावून उभी आहे. नातेवाईक रोज भिंतीपाशी येऊन बसतात आणि पाळीच्या वेळेला उठून कान लावतात. पावणेसातला कचरापेटी रिकामी झाली तेव्हा चौघांच्याही हातात सुया होत्या आणि पाळी संपायला एक तास पंधरा मिनिटं बाकी होती.