विजेत्याचा चेहरा

१९५६ च्या हिवाळ्यात अल्लीपूरला विकास खात्याचे क्रीडासंमेलन भरले. वरच्या कार्यालयाने अहवालासाठी दोन छायाचित्रे मागवली होती: एक विजयाच्या आनंदाचे, एक पराभवाच्या दुःखाचे. त्याकरिता वर्ध्याहून फोटोग्राफर प्रभाकरराव आले होते. त्यांची बहुतेक फिल्म उद्घाटनाच्या पाहुण्यांवर खर्ची पडली. जेमतेम दोन फोटो उरले.

प्रौढांच्या शर्यतीत गावचा शेतकरी नत्थूजी पहिला आला. वर्षभर तो पहाटे शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने धावायचा आणि गाव त्याला हसायचे. फीत तोडताच तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. सेलूचा दुकानदार डोमाजी धोतरात पाय अडकून पडला, सगळ्यांत शेवटी पोहोचला आणि पोट धरून हसत सुटला. प्रभाकररावांनी दोघांचे फोटो काढले.

विकास अधिकारी वासुदेवराव गंभीर झाले. "विजेता रडतो कसा?"

"हे खुशीत असले का रडतेच, साहेब," नत्थूजीची बायको कौशल्याबाई म्हणाली. "लग्नातई रडले होते. मलेच समजवा लागलं."

"वरच्या कार्यालयाला कोण समजावणार?"

फोटो बदलता येत नव्हते. निकाल बदलता येत होता.

डोमाजी गांगरला. "साहेब, मी तं पडलो होतो."

"हसत होतात ना?"

"धोतर सुटलं होतं. हसू नाई तं काय करू?"

"मग झाले तर." वासुदेवरावांनी कप त्याच्या हाती दिला.

नत्थूजी डोळे पुसत पुढे आला. "मी पयला होतो, साहेब. साऱ्या गावानं पाह्यलं."

"पाहिले असेल. पण गाव अहवालाला जोडता येत नाही."

पुढे दोन्ही फोटो नावांसह चावडीत लागले. आरंभी गाव चिडले. मग एकजण म्हणाला, "डोमाजीचं तोंड पाहा. जितलेला माणूस लपत नाई." दुसऱ्याला ते पटले. हळूहळू शर्यत पाहिलेल्यांनाही डोमाजीच पुढे होता असे आठवू लागले. शेवटी कौशल्याबाईसुद्धा जेवण वाढता वाढता चाचरत म्हणाली, "नीट आठवून पाहा बरं. फोटोत तं तुमीच हारलेले दिसता."

नत्थूजी न जेवताच चावडीत गेला. आपल्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला.

"लयच वाईट हारला बिचारा," तो म्हणाला.

या हकिकतीसोबत फोटो नाही. त्यामुळे ती खरी मानण्याचा आग्रह आम्ही वाचकांना करीत नाही.