धुण्याच्या दगडाजवळचं गवत

सुपडूनाना मेला असं मला आजवर तीनदा वाटलं. तिन्ही वेळा तो रस्त्यात पालथा पडलेला होता. गाल मातीला टेकलेला, टोपी एकीकडं, धोतराचा सोगा दुसरीकडं. पहिल्या वेळी मी धावलो, तोंडावर पाणी मारलं. तो उठला नाही. एक डोळा उघडून म्हणाला, "काय भाऊ, पानावरची लव भिजवली ना! आता सुकेपर्यंत थांबणं आलं."

दुसऱ्या वेळी मी पाणी मारलं नाही. तिसऱ्या वेळी थांबलोही नाही.

नाना गवत ओळखतो. बुऱ्हाणपुरात छंदी माणसांची कमी नाही. कुणी कबुतरं पाळतो, कुणी पैलवान पोसतो. पण गवत ओळखणारा एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडं राहतो. बोलताना आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. लिहिताना तेवढं कोण सांभाळतो. यंदा माझं त्याच्याकडं एक काम पडलं. माझ्या मेलेल्या बायकोनं लावलेलं गवत अंगणात अजून आहे की नाही, एवढंच त्यानं मला सांगायचं होतं. पण त्याआधी हा माणूस काय चीज आहे ते कळलं पाहिजे.

एकदा बाजाराच्या दिवशी शनवारा दरवाज्यात, भिंतीच्या कडेला, नाना असाच पसरला. मागं टांगा अडला. टांगेवाला ओरडला, "ओ बाबा, मरना है तो ताप्ती पे जाओ, घाट खाली पड़ा है!" नाना खालूनच म्हणाला, "दो मिनट भैया, इसकी जीभ देख लेता हूँ." टांगेवाल्याला वाटलं, म्हातारा आपल्या घोड्याबद्दल बोलतोय. तो चाबूक घेऊन खाली उतरला. लोक जमले. नानानं तोवर जीभ बघून घेतली, उठला, माती झटकली आणि टांगेवाल्याला म्हणाला, "कुसळी आहे. घोड्याला घालू नको, तोंड फाटेल." आणि चालता झाला.

गवताला जीभ असते हे मला साठी उलटल्यावर कळलं. पान दांड्याला मिठी मारून जिथं बाहेर वळतं, तिथं आतून नखानं सोडवलं की एक पापुद्रा दिसतो. कुणाचा कागदासारखा, कुणाला नुसती केसांची झालर. नाना आधी ती जीभ बघतो. मग बूड चिमटीत धरून गोल की चपटं ते बघतो. मग पान उलट्या बाजूनं ओठांवरून ओढतो. हाताची कातडी मेलेली असते, ओठाची जिवंत असते, असं त्याचं म्हणणं. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, "नाना, आज कुणाचा मुका घेताय?" नाना न हसता सांगायचा, "कुंद्याचा. फार खरबरीत आहे."

तुरा आल्यावर गवत ओळखणाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा. "तुरा तर गाढवही ओळखतं," म्हणायचा. "गवत पत्रावळीसारखं जमिनीला चिकटून बसलेलं असतं, चारी अंगांनी पानं पसरून, ना दांडा ना फूल, तेव्हा ओळखा. लग्न लागल्यावर नवरी कोण ते सांगण्यात काय मोठेपणा?"

त्याचं स्वतःचं लग्न झालं नाही ते याच पायी. तरुणपणी मुलगी बघायला गेला, तिच्या बापाच्या अंगणात एक पत्रावळ दिसली, तिथंच आडवा झाला. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर नवरदेव पालथा. बापाला वाटलं मिरगी येते. संपली सोयरीक.

असीरगडावर गोऱ्यांची पलटण होती तेव्हा नाना खालच्या सरकारी कुरणावर मुकादम होता. घोड्यांसाठी गवताच्या पेंढ्या यायच्या, त्या हा पारखून घ्यायचा. तिथल्या एका साहेबानं म्हणे त्याचे डोळे रुमालानं बांधले आणि दहा काड्या हातात दिल्या. नऊ काड्यांची नावं नानानं पटापट सांगितली. दहावी ओठांवरून ओढली आणि म्हणाला, "साहेब, हिला मुळं नाहीत. ही मेमसाहेबांच्या टोपीतली आहे." मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा काड्या दहा होत्या. परवापरवा पंचवीस झाल्या होत्या. टोपी मात्र तीच.

आणि एक. 'कळत नाही' हे शब्द नानाच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. गवताचं सोडा, स्टेशनवर कुणी परक्या माणसानं तुकईथडची वाट विचारली तरी हा खांद्यावर हात ठेवून सांगणार. वाट चुकीची असेल, पण सांगणार.

मी तारकशीतला माणूस. चाळीस वर्षं चांदीची तार ओढली. केसाएवढी तार अंगठ्याखालून गेली की कुठं जाड, कुठं बारीक ते डोळे मिटून सांगीन. गवत म्हणजे माझ्या लेखी गाईचं जेवण, बस. बायको जसोंडीची, शेतकऱ्याच्या घरातली. नवी नवरी होऊन आली त्या साली तिच्या भावानं मागून गाय पोचवली, आणि गाईबरोबर मारवेलचा एक ठोंब, मुळासकट, ओल्या फडक्यात बांधून. शहरातलं गवत गाईला मानवणार नाही म्हणून. तिनं तो धुण्याच्या दगडाजवळ लावला. गाय गेली, तिची वासरं गेली, मारवेल राहिलं. ती दरसाल कापायची, ते दरसाल यायचं.

नाना आणि ती त्या ठोंबाजवळ उकिडवे बसून बोलत राहायचे. मला राग यायचा. ओसरीवरून ओरडायचो, "ओ नाना, गवतच खायचं असेल तर घरी घेऊन जा!" नाना तिला म्हणायचा, "वैनी, तुमच्या ओसरीवरचा ठोंब फार जून झालाय. आता गुरंही तोंड लावायची नाहीत." ती पदर तोंडाला लावून हसायची. मी आणखी चिडायचो.

चैत्रात ती गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी संपलं.

तेराव्याला अंगणात मांडव घालायचा होता. भावकी म्हणाली, जागा सपाट करायला मजूर लावू. मी म्हटलं, मला हात आहेत. कुदळ घेतली आणि सगळं अंगण खणून काढलं. घाम गळत असला की डोळ्यांतलं कुणाला दिसत नाही. चैत्रात मारवेल वाळून काडीकचऱ्यासारखं झालेलं असतं, आणि मी ते कधी नीट बघितलेलंच नव्हतं. खणलं, टोपलीत भरलं, उकिरड्यावर टाकलं. तेराव्याला तिचा भाऊ हात धुवायला दगडाजवळ गेला आणि तिथंच उभा राहिला. म्हणाला, "दाजी, आक्काचं मारवेल?"

मी उकिरड्याकडं गेलो. तिथं गुरं फिरून गेली होती.

पावसाळ्यात दगडाच्या अगदी कडेला एक गवत उगवलं. पत्रावळीसारखं, गोल, जमिनीला चिकटून. मुळाचा एखादा तुकडा मातीत राहिला असेल, असं मनानं घेतलं. मनाचं काय, ते काहीही घेतं. दोन दिवस मी त्या गवताकडं बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी नानाच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक खाट, एक तवा, आढ्याला टांगलेल्या वाळक्या गवताच्या जुड्या. नाना चुलीपुढं बसून भाकरी मिरचीशी खात होता.

"नाना, जरा येता? एक गवत बघायचंय."

भाकरी तशीच टाकून तो उठला. कुठलं ते विचारलं नाही.

दगडाजवळ आडवा झाला. गाल चिखलात. जीभ बघितली. बूड दाबलं. एक पान ओठांवरून ओढलं, मग दुसरं. एरवी एवढ्या वेळात हा दहा गवतांची नावं सांगून मोकळा होतो. मी वर उभा. मग दगडावर बसलो. "मारवेल आहे का तेवढं सांगा. नसेल तर नाही म्हणा. मला काय, उपटून टाकीन," मी म्हटलं.

नाना उठला. गालाचा चिखल पुसायचं विसरला. म्हणाला, "कळत नाही."

"काय?"

"नजर गेली, भाऊ. ओठही पहिल्यासारखे नाही राहिले. दांडा येऊ द्या. मारवेलच्या सांध्याला पांढऱ्या केसांचं कडं असतं, बाईच्या हातात असतं तसं. ते दिसलं की पक्कं सांगतो. तोवर उपटू नका. पाणी घाला."

दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा वाजला आणि नाना दारात. आडवा झाला, बघितलं, उठला. "अजून नाही." मग ओसरीवर बसला. आता माणूस बसला म्हणजे चहा आला. मला चहा करता येत नव्हता. पहिला तर नानानं गुळण्या टाकाव्या तसा थुंकला. "भाऊ, हे काय मोरीचं पाणी उकळलं?" चौथ्या दिवशी त्यानंच आलं किती घालायचं ते दाखवलं. मग रोजचं झालं. भोंगा, गवत, चहा.

चहा पिता पिता तो तिच्याबद्दल बोलायचा. कापायच्या आधी ती मारवेलवर पालथा हात ठेवायची म्हणे, 'बाई, रागवू नको' म्हणायची. तिला सात गवतं पत्रावळीतच ओळखू यायची.

"सात?" मी म्हटलं.

"सात. तुम्हाला सांगितलं असेल ना."

"सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल."

नानानं कप बशीत ओतला. बशीतला चहा फुंकत राहिला.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. न्हाव्याच्या ओट्यावर मी हजामतीला बसलो होतो, नाना समोरून जात होता. न्हावी वस्तरा हवेत धरून ओरडला, "का हो नाना, ऐकलं ते खरं का? अंगणातलं एक गवत दीड महिना झाला ओळखू येईना? मग त्या साहेबाच्या पंचवीस काड्या कुणी ओळखल्या, घोड्यानं?" सगळा ओटा हसला. मला वाटलं, आता नाना न्हाव्याच्या सात पिढ्या काढणार. नाना थांबला, टोपी सारखी केली, म्हणाला, "म्हातारा झालो, बाबा," आणि गेला. मीही हसलो होतो. का ते विचारू नका.

भाद्रपदात दांडे वर आले. एका दुपारी मी दगडावर बसून एक दांडा अंगठा आणि बोटात धरला आणि खालून वर ओढला, तार बघतात तसा. पहिला सांधा आला. गुळगुळीत. दुसरा, तिसरा. एक केस नाही. दुसरा दांडा धरला. तोही तसाच. बूड चिमटीत धरलं, तर चपटं, कुणी पाय देऊन दाबल्यासारखं, आणि खाली पांढुरकं.

मी उठून दाराबाहेर आलो. गटाराच्या कडेला तेच गवत. नानाच्या पायरीला तेच. पुढं शनवाऱ्यापर्यंत चालत गेलो, वाकून वाकून बघत. लोकांना वाटलं असेल, आता हाही गेला कामातून. चाकोरीत, भिंतीच्या फटीत, न्हाव्याच्या ओट्याखालीसुद्धा तेच. रान नाचणी म्हणतात तिला, हे तिथल्याच एका भाजीवालीनं मला सांगितलं. "काय बाबा," म्हणाली, "हे तर कोंबड्यांना पण मालूम आहे."

कोंबड्यांना मालूम आहे. नानानं पहिल्या दिवशी बूड दाबलं तेव्हाच त्याला कळलं होतं. त्याला आडवं व्हायचीही गरज नव्हती, दारातूनच दिसलं असेल.

घरी येऊन मी ओसरीवर बसलो. तिचं काही राहिलेलं नाही, हे मला कळलं होतं आणि रडूही येत नव्हतं. मला नानाचा राग यायला हवा होता. मी तोंडाचा फटकळ आहे, सगळी गल्ली सांगेल. रात्रभरात वाक्य तयार केलं होतं: नाना, खोटं कशाला बोललात?

सकाळी भोंगा वाजला. नाना आला. गुडघे धरत धरत खाली बसला, मग आडवा झाला. त्याला आता खाली जायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. उठताना दगडाला धरून उठला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुरा नीट उमलू द्या. आठ दिवस."

"आणि आठ दिवसांनी नाही कळलं तर?"

"तर मग बी पडेल. पुढल्या साली पत्रावळ होईल, तेव्हा बघू."

"म्हणजे पुढल्या सालीही तुम्हाला रोज यावं लागेल."

"यावं लागेल," नाना म्हणाला. "काय करता."

वाक्य ओठावर होतं. मी आत गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. आलं जरा जास्तच ठेचलं गेलं. नाना प्याला, नावं ठेवली, वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

तो निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेलो. पायरीखाली गटाराच्या कडेला तीच रान नाचणी ऐन तुऱ्यात उभी होती. नाना मान वर करून, समोरच्या भिंतीकडं बघत, तिला वळसा घालून गेला.

मी अंगणात आलो. हंड्यात पाणी उरलं होतं. तांब्याभर दगडाजवळ घातलं. मुरेपर्यंत थांबलो. मग आणखी एक घातला.