सोळा तासांचा उजेड

"फक्त दिव्याला हात लावू नका, एवढंच," असं सार्थकनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि भोरच्या आपल्या घराची किल्ली सासऱ्याच्या हातावर ठेवली. हैबतरावांनी ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण या जावयानं सासऱ्याकडं कधी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. अंगठी नको, कपडे नकोत, दिवाळीला आग्रहाचा दुसरा लाडू नको. बोलायचाही इतका बेतानं, की सासऱ्याला हाक काय मारायची याचाच त्यानं अजून निकाल लावला नव्हता. 'अहो' म्हणायचं आणि उरलेलं वाक्य कसंबसं पुढं ढकलायचं. असा जावई आपण होऊन काही सोपवतो म्हटल्यावर हैबतरावांना भरून आलं.

सोपवली होती एक काचेची टाकी. सार्थक भोरमध्ये बँकेत होता आणि त्याला तालुक्याच्या गावी समुद्र आणायचं वेड होतं. त्यासाठी तो पुण्याहून खास मीठ आणायचा, पाणी खारं करायचा आणि त्यात दगड, दगडांवर कोरल म्हणजे प्रवाळ, आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे सांभाळायचा. वर एलईडी दिवा होता. त्याला एक बटन निळ्या उजेडाचं, एक पांढऱ्याचं, आणि शेजारी आपोआप चालू-बंद करणारा टायमर. बँकेच्या ट्रेनिंगसाठी तो हैदराबादला निघाला होता, बायको रत्नाही सोबत चालली होती. अधिक महिना नुकताच लागला होता. परत आल्यावर सासुरवाडीला, शिवऱ्याला, धोंड्याच्या जेवणाला यायचं, हे आधीच ठरलं होतं.

"पाणी कमी झालं की या कॅनमधलं खुणेपर्यंत भरायचं. माशांना चिमूटभर खाणं. बस," सार्थक म्हणाला.

"आन् ह्या झुडपांला?"

"अहो, ती झुडपं नाहीत. प्राणी आहेत ते. जिवंत."

हे वाक्य सार्थक बोलला नसता, तर पुढचं काही झालंच नसतं. कारण हैबतरावांची शिवऱ्याला अंड्यावरच्या कोंबड्यांची शेड होती, आणि जिवंत प्राण्याला उजेड किती द्यावा या विषयात त्यांचा शब्द पार वेल्ह्यापर्यंत चालत होता. कुणाच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या, की हैबतरावांना फोन. हैबतराव खाद्य विचारत नसत, औषध विचारत नसत. एकच विचारत: "दिवा किती तास?" सोळा तास उजेड, हा त्यांचा वेद होता आणि त्यात दुसरा अध्याय नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला, धोंडाबाईंना, मोटारसायकलवर मागं बसवून भोरला आले. घर उघडलं. खोलीत निळसर, पेंगुळलेला उजेड होता आणि त्यात चहाच्या गाळण्यासारखे तपकिरी कोरल डोलत होते.

"ह्याला उजेड म्हंत्यात व्हय?" हैबतराव म्हणाले. "मच्छर मारायच्या मशीनवानी दिसतंय. आन् जनावरं बघ कशी मळल्यात."

"त्येंनी हात लावू नगा म्हणून सांगितलंय न्हवं?"

"ते शॉक बसंल म्हणून. काळजी वाटती त्येंला माजी."

या शोधानं हैबतराव स्वतःच गहिवरले. त्यांनी दाराबाहेर काढलेली रबरी चप्पल पुन्हा पायांत घातली, हात धोतराला कोरडे केले आणि दोन्ही बटनं शेवटपर्यंत पिळली. टायमरही फिरवून बरोबर सोळा तासांवर आणून ठेवला. खोली भर उन्हात आल्यासारखी झाली. दोन्ही मासे सुळकन दगडामागं गेले.

"लाजत्यात," हैबतराव म्हणाले.

मग रोज एक चक्कर सुरू झाली. तिसऱ्या चकरेला काचेवर हिरवा थर दिसला. टाकीनं जोर धरला म्हणून हैबतरावांनी तो कौतुकानं पुसला. मग कोरलची टोकं पांढरी व्हायला लागली. मग फांद्या. त्यांना तर हर्ष झाला. इतका साधा इलाज, आणि जावई शिकलेला असून त्याला सुचला नाही! पण धोंडाबाई टाकीला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अवं, मला ह्ये बरं दिसत न्हाई. कोंबडीचा तुरा पांढरा पडला की तुमीच तिला येगळी काढता."

"कोंबडी येगळी, ह्ये येगळं."

"मंग उजेड कसा एकच?"

हैबतरावांनी चहा ठेवायला सांगितला.

आठवडा संपता संपता सगळी टाकी पांढरीशुभ्र झाली. हैबतरावांनी मोबाईलवर फोटो काढला आणि सगळ्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जावईबापूंची टाकी. आधी मळकी, आता लख्ख. सर्व उजेडाची करामत.' धडाधड अंगठे आले. पाव्हण्यांनी हार पाठवले, फुलं पाठवली, कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या. धोंडाबाईंचा भाऊ गोरख तर आंबवड्याहून टाकी बघायला भोरला आला.

"दाजी, संगमरवर केलात की पार!" तो म्हणाला.

"उजेड," हैबतराव डोळे मिटून म्हणाले. "दुसरं कायबी न्हाई."

तेवढ्यात मोबाईल वाजला. रत्नाचा होता. तिनं ग्रुपवरचा फोटो पाहिला होता.

"आबा, दिव्याला हात लावलात?"

"रबरी चप्पल घालून लावला. तू काळजी करू नगंस."

"आबा, तो मळ नव्हता हो! त्या तपकिरी रंगावरच जगतं ते. त्यातनंच त्याला खायला मिळतं. उजेड जास्त झाला की ते रंग टाकून देतं आणि पांढरं पडतं. उपाशी आहेत ते सगळे. मरायला टेकलेत!"

हैबतरावांनी टाकीकडं पाहिलं. आत्तापर्यंत जे संगमरवर दिसत होतं, ते आता हाडासारखं दिसायला लागलं. फोनमधून मागून सार्थकचा आवाज आला, हळू, पण स्वच्छ: "राहू दे गं. त्यांना काही बोलू नकोस."

हे ऐकलं आणि हैबतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावई ओरडला असता तर परवडलं असतं. त्यांनी पहिल्यांदा ग्रुपवरचा फोटो पुसला. निदान तेवढी तरी शोभा थांबेल, असं त्यांना वाटलं. पण तो पुसला गेला फक्त त्यांच्याच मोबाईलवरून. बाकी सगळ्यांकडं तो तसाच होता आणि अंगठे येतच राहिले. 'हैबतराव, आमच्या जावयाच्या टाकीचंबी बघा,' असं एका पाव्हण्यानं लिहिलं. त्या जावयाकडं टाकी होती ती पाण्याची, गच्चीवरची.

रत्नानं सांगितलं तसं पांढरं बटन बंद झालं, निळं जेमतेम उरलं, टायमर मागं आला. पण हैबतरावांच्या मनानं उजेडाची धास्तीच घेतली. त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, फटींत टॉवेल कोंबले, खोलीतला दिवा लावायचंही सोडून दिलं. स्टुलावर बसून ते टाकीकडं बघत राहायचे. एकदा संध्याकाळी शेजारच्या मंगलताई दारात येऊन चाचपडल्या.

"आबा, तुमच्याच घरातली लाईट गेलीय का?"

"न्हाई. म्या बसलोय."

मंगलताई परत गेल्या. हैबतराव टाकीकडं वळून पुटपुटले, "शिकल्याली पोरं सांगत हुती, हात लावू नगा. म्या शाणा ना. भाजलं रं बाबा तुला." वेल्ह्याच्या धनाजीचा फोन आला, कोंबड्या अंडी देईनात, दिवा किती तास ठेवू. "मला इचारू नगंस," हैबतराव म्हणाले आणि फोन ठेवला. धनाजीला वाटलं, हैबतराव आजारी आहेत. तसे ते होतेच.

सार्थक आणि रत्ना परत आले. सार्थक बॅग हातात घेऊनच टाकीपुढं उभा राहिला. हैबतराव भिंतीला टेकून वाट बघत होते. आता काहीतरी बोलेल, आता बोलेल.

"अहो, हरकत नाही," सार्थक म्हणाला. "होतं असं." आणि वाकून तो सासऱ्याच्या पाया पडला.

हैबतरावांना पाय कुठं लपवावेत ते कळेना. 'चुकलं' एवढं म्हणायचं होतं. पण सासऱ्यानं जावयाची माफी कशी मागायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. किल्ली टेबलावर ठेवून ते निघाले. नीरेचा पूल ओलांडून पार शिवऱ्यापर्यंत मोटारसायकल कशी आली, ते त्यांना आठवत नाही.

अधिक सरत आला. धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. धोंडाबाईंनी पुरणाचे धोंडे केले, अनारसे तळले. जावयाला वाण द्यायचं म्हणून पितळेचं ताट घासलं, अनारसे रचले आणि निरांजनात तूप घातलं. तेवढ्यात हैबतराव स्वयंपाकघरात येऊन घुटमळले.

"ताटात दिवा नगं."

"ऑ?"

"दुसरं कायबी दे. चांदीचा गिलास दे. पर म्या त्येंला दिवा न्हाई देणार."

"अधिकात जावयाला दिवाच द्यायचा आसतो. आपली रीत हाय. तुमी वाटलं तर डोळं मिटून बसा."

पंगत बसली. सार्थक नेहमीसारखा मान खाली घालून, थोडं थोडं, सगळं छान आहे असं म्हणत जेवत होता. त्याच्या शेजारी गोरख होता, आणि गोरखच्या पोटात पुरण गेलं की तोंडातून कौतुक बाहेर यायचं.

"पाव्हणं, एक सांगतो. तुमी शिकल्यालं असाल, पर टाकी लख्ख करावी आमच्या दाजींनी! म्या तो फोटू अजून रोज बघतो."

रत्नानं मामाकडं डोळे वटारले. गोरखला वाटलं, भाजी वाढू का म्हणून विचारतेय. तो म्हणाला, "वाढ."

"गोरख," हैबतराव म्हणाले.

"दाजी, लाजता कशापायी? बोला की."

"लख्ख न्हाई केली." हैबतरावांचा हात ताटातच राहिला होता. "मारली म्या. जावयानं तीन बारी सांगितलं, दिव्याला हात लावू नगा. पहिल्यांदा त्येंनी माज्यावर कायतरी सोपवलं, आन् म्या त्याची माती केली. वर फोटू टाकला. आन् त्ये माज्याच पाया पडलं. मला आन्न ग्वाड लागंना झालंय."

गोरखनं उचललेला घास परत ताटात ठेवला. सार्थकचे कान लाल झाले. तो गडबडीनं खिशातून मोबाईल काढायला लागला.

"अहो, नाही, मेलं नाही सगळं. दोन फांद्या गेल्या. पण हे बघा ना, कालचाच फोटो आहे. बुडाशी रंग धरतोय. तपकिरी."

हैबतरावांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला. पांढऱ्या फांदीच्या बुडाला खरंच एक मळकट डाग होता. एवढा सुंदर डाग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गोरखनंही मान लांब करून पाहिलं.

"अरारा!" तो हळहळला. "परत मळलं की!"

पहिल्यांदा रत्ना हसली, मग धोंडाबाई, मग सगळी पंगत. गोरखही हसला, कशाला ते न कळता. हैबतराव मात्र हसले नाहीत. जीव वाचला, याचा आनंद होता. पण जावई अजूनही 'अहो'च म्हणत होता, आणि ती 'हरकत नाही' त्यांच्या छातीवर तशीच बसली होती.

जेवणं झाली. सार्थक पाटावर बसला. धोंडाबाईंनी निरांजन लावलं, ताट हैबतरावांच्या हातात दिलं आणि कोपरानं त्यांना पुढं ढकललं. अनारशांच्या मधोमध निरांजन जळत होतं. हैबतराव ताट पुढं करून दुसरीकडंच, भिंतीकडं बघत उभे राहिले.

सार्थकनं ताट घेतलं. निरांजनाकडं पाहिलं. मग मान वर करून सासऱ्याकडं पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

"आबा," तो म्हणाला, "हा किती तास लावायचा?"

धोंडाबाईंनी तोंडाला पदर लावला. हैबतरावांना आधी ती हाक ऐकू आली आणि प्रश्न नंतर. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि दोन पावलं मागं सरकले.

"तुमी सांगाल तेवढाच, सार्थकराव," ते म्हणाले. "म्या चप्पल घालून लांबच हुबा ऱ्हातो."