लेकरांचा कडता

साहेब यायला तासाभराचा अवकाश होता, आणि दवाखान्यातून उसना आणायचा वजनकाटा ऐन वेळी मोडला होता. ही बातमी ऐकून माता-बालक सेवा मंडळाच्या चिटणीस सत्यभामाबाई अशा कडाडल्या, की दूध केंद्राच्या ओसरीवर बसलेल्या निम्म्या लेकरांनी भोकाड पसरलं.

चिडणार नाहीत तर काय करतील? महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते आणि सरकारची दूध पावडर खामगावात नुकतीच कुठं येऊ लागली होती. मंडळाच्या बाया ती रोज सकाळी उकळून वस्तीतल्या अशक्त लेकरांना पाजत. दसऱ्याला या लेकरांची वजनं घेऊन भिंतीवरच्या फळ्यावर लिहिली होती. आज सरकारी साहेब येऊन पुन्हा वजनं बघणार आणि दूध चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

"अवो, काऊन येवढ्या तापता?" अध्यक्ष मनकर्णाबाई कडेवरच्या गुबगुबीत नातवाला सावरत म्हणाल्या. "आमच्या अडतीतला कापसाचा काटा आनू. गनी मापारी बी येईन संगं. त्याच्यावानी मापणारा अख्ख्या बाजारात नाई."

मनकर्णाबाईंच्या यजमानांची कापसाची अडत होती. अडत म्हटलं की सत्यभामाबाईंच्या कपाळाला आठी पडे. त्यांचे वडील शेगावकडचे कापूसवाले शेतकरी. लहानपणी त्या वडिलांबरोबर गाडीवर बसून बाजारात येत, आणि तिथं पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. पण आज दुसरा इलाज नव्हता.

अब्दुल गनी आला. ओसरीपुढं तीन लाकडी बल्ल्या रोवून त्यानं काटा टांगला. एका पारड्यात गोधडी अंथरली, दुसऱ्या पारड्याशी नवी किलोची वजनं मांडली. तेवढ्यात साहेबांची जीपही दारात उभी राहिली. साहेब चष्मेवाले, बोलणं मोजकं आणि पुस्तकी. माघातली थंडी होती आणि त्यात साहेब येणार, म्हणून आयांनी घरात होतं नव्हतं ते सगळं लेकरांच्या अंगावर चढवलं होतं. लोकरीच्या बंड्या, कानटोप्या, चांदीचे वाळे, कमरेला साखळ्या.

पहिली सलीमाची मुन्नी पारड्यात बसली. गनीनं वजनं टाकली, काटा स्थिर होऊ दिला आणि बाजारातल्या सुरात ललकारी दिली, "दहाऽ किलो!"

फळ्यावर अकरा लिहिलेलं होतं.

"दूध पिऊन मूल घटलं?" साहेबांनी चष्मा वर केला.

मग कोकिळेचा बबन बसला. तोही घटला. त्याच्यामागचा घटला, त्याच्यामागची घटली. गनीची ललकारी होई आणि साहेबांच्या भुवया आणखी वर चढत.

"आमच्या लेकराचं दूध पेते कोन?" अखेर कोकिळा उठून उभी राहिली. "रोज सकाळी पोरगं बगलेत मारून येतो आमी, थंडीत कुडकुडत. अन् इथं पानी पाजता का त्याले?"

"पानी?" सत्यभामाबाई भडकल्या. "मी सोता ढवळतो दूध! हाताले फोड आले पाहा माह्या!"

"मंग पोरगी काऊन वाळली?" सलीमानं विचारलं.

मनकर्णाबाईंनी सुस्कारा सोडला आणि साहेबांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्या तं कवाची म्हनून राह्यली. बैठकीच्या चहाले दूध येते कुठून, कोनी इचारलं का?"

"माह्या घरून येते!" सत्यभामाबाईंचा आवाज फाटला. "माह्या म्हशीचं! अन् कपात तीन तीन चमचे साखर तुमीच घेता, अध्यक्षबाई!"

साहेबांनी हात वर केला. "हे पाहा, दूध मुलांच्या पोटात जात नाही हे उघड आहे. असं केंद्र चालू ठेवता येणार नाही."

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. चोर म्हणवून घ्यायचं, तेही भर ओसरीवर, आणि वर लेकरांचं दूध तुटायचं. कोणाचा गळा धरावा हेच त्यांना कळेना.

मनकर्णाबाईंना मात्र चेव चढला. "साहेब, घरचं खानं कसं असते ते पाहा आता. गनी, आमच्या गोपाळले बसव बरं." घरच्या तुपावर पोसलेला गोपाळ पारड्यात बसला तशी काट्याची दांडीच करकरली. सुदृढ बालक म्हणून त्याचं वजन मनकर्णाबाईंनी दसऱ्याला हौसेनं फळ्याच्या अगदी वर लिहवून घेतलं होतं.

गनीनं ललकारी दिली. गोपाळही घटला होता.

"अबे, काय बोलून राह्यला?" मनकर्णाबाई किंचाळल्या. "माह्या नातवाले रोज तूप चारतो आमी!"

तुपावरचं पोर घटलं म्हणताच सत्यभामाबाईंच्या डोक्यात चक्र फिरलं. त्या तरातरा काट्याशी गेल्या. आतापर्यंत सगळे गनीचं तोंड पाहत होते, वजनाच्या पारड्यात कोणी डोकावलं नव्हतं. त्यांनी एकेक वजन उचलून मोजलं. गनीनं ललकारलं होतं त्याहून दोन किलो जास्त भरलं.

"गनीभाऊ," त्या दातओठ खात म्हणाल्या, "तुमी कडता कापून राह्यले का?"

गनीचा हात कपाळावर गेला. "या अल्ला! सवय हाय बाई. काट्यावर कायबी चढलं का तोंड आपोआपच दोन किलो कापते. गठुडं असो का लेकरू."

"कापसात कचरा असते म्हनून कापता, ओल असते म्हनून कापता. लेकरात काय होतं कापाले?" सत्यभामाबाई आता आवरेनात. "माहा बाप वर्सभर राबून गाडी भरून आने अन् तुमच्यासारखा मापारी त्याच्या डोळ्यांदेखत कापे. बाप खाली मान घालून उभा राहे! तवा मी लहान होती. आता नाई. अध्यक्षबाई, शेतकऱ्याचं कापून पोट नाई भरलं, म्हनून लेकरावर आले का तुमच्या अडतीतले लोक?"

मनकर्णाबाई गोपाळच्या नाकाकडं बघून पदरानं उगाचच ते पुसू लागल्या.

सगळी वजनं पुन्हा झाली. मुन्नी बारा भरली. बबन वाढला, बाकीचीही वाढली. आया टाळ्या वाजवू लागल्या. कोकिळेनं येऊन सत्यभामाबाईंचे पाय धरले. सत्यभामाबाईंनी पदर खोचून साहेबांकडं असं पाहिलं, की आता बोला.

साहेब प्रसन्न हसले. "उत्तम! बारा किलो म्हणजे या वयाचं मूल सुदृढच. इथलं काम संपलं. हे दूध आता आम्ही संग्रामपूरकडे पाठवू."

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे दूध बंदच?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अर्थात. अशक्त मुलं उरली नाहीत ना?"

"अहो साहेब, ही दुधामुळंच उभी राहिली! ते तोडलं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा बसतील! घटली तर आम्ही चोर म्हणून दूध बंद, वाढली तर शाबास म्हणून दूध बंद. मग चालू कधी राहतं तुमचं दूध?"

साहेबांनी शांतपणे नियम सांगितला. "मूल वाढलेलं असावं, पण पूर्ण सुदृढ झालेलं नसावं."

सत्यभामाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबाला त्याच पारड्यात बसवून कापसासारखं दाबावं असं त्यांना वाटलं. पण त्यांची नजर मुन्नीवर गेली. लोकरीची बंडी, कानटोपी, पायांत वाळे, कमरेला जाडजूड साखळी. आणि दसऱ्याला हीच लेकरं उघडी तोलली होती. आयुष्यात कधी कोणाला सांगणार नाही असं ठरवलेलं काम आता सांगणं भाग होतं.

"गनीभाऊ," त्या म्हणाल्या, "पोत्यासगट माल तोलला तं पोत्याचं काय करता तुमी?"

"बारदानाचा कडता कापतो जी."

"मंग कापा."

"आँ?" गनीनं कानाला हात लावला. "आताच तं तुमी..."

"साहेबाले लेकरू पायजे का बंडी? वाळे का दूध पेतात? बारदानाचा कडता कापा म्हनतो ना मी!"

"कपडे काढूनच तोला की," साहेब म्हणाले.

"या थंडीत?" सत्यभामाबाई उसळल्या. " न्युमोनिया झाला तर त्याचा कडता कोण देणार, तुम्ही?"

साहेब चष्मा काढून पुसू लागले. गनीनं मुन्नीची बंडी बोटांनी चाचपली, वाळे हातानं तोलून पाहिले आणि पुन्हा ललकारी दिली, "बारदान जाऊन साडेऽअकरा!"

अकरापेक्षा जास्त आणि बाराला कमी. एकामागून एक लेकरं अशीच नियमात बसली. साहेबांनी दूध वर्षभर चालू ठेवल्याची सही केली आणि जीप निघून गेली.

सगळं पांगल्यावर सत्यभामाबाईंनी घरच्या दुधाचा चहा केला. बल्ल्या उपटणाऱ्या गनीला त्यांनी ओसरीवर बोलावलं.

"बाई," गनी टेकत म्हणाला, "अर्धी जिंदगी गेली कडता कापण्यात. सिव्याच खाल्ल्या. आज पह्यल्यांदा कोनी चहा पाजून राह्यलं."

सत्यभामाबाईंनी कप काठोकाठ भरला, त्याच्या हातात देता देता थांबल्या, आणि त्यातला चांगले दोन घोट चहा परत किटलीत ओतला.

"हा माह्या बापाचा कडता," त्या म्हणाल्या. "घ्या आता."