मुठीचं वजन

परबकाका उदबत्ती लावण्याआधी तिचं वजन करत. नमस्कार नंतर. आधी काचेच्या पेटीतल्या तराजूत उदबत्ती, मग देवापुढे उदबत्ती, मग तिची राख वाटीत गोळा करून पुन्हा तराजूत. राख अर्थातच हलकी भरे. मग दारावरून जो कोणी जात असेल त्याला पकडून ते विचारत, "बाकीची खंय गेली?"

पकडलेला माणूस गडबडून जाई. काका त्याच्या नाकाकडे बोट दाखवत. "तुज्या नाकात! काय एक नाहीसा होना नाय, नुसती जागा बदलता."

लग्न होऊन मी मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा सासूबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पाणी सकाळी सहालाच भरायचं, आणि परबांच्या दारावरून जाताना घाईत आहोत असं तोंड करायचं. मी अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होते, म्हणजे घाई खरीच असायची. तरी पकडली जायचेच.

काका घाटकोपरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. शिकवायचे प्राध्यापक, पण बाटल्या, नळ्या आणि प्राध्यापकांच्या चुका सांभाळायचे काका. निवृत्त होताना शाल-श्रीफळ नको म्हणाले आणि मोडीत निघालेला तराजू मागून घेतला. त्याची वजनं चिमट्यानेच उचलायची. हात लावला तर घामाचंही वजन भरतं, असं त्यांचं म्हणणं.

जुने शास्त्रज्ञ तर त्यांच्या लेखी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत होते. नावं घ्यायचे नाहीत. "नावा पाठ करून काय करतलस? माणसां वळख!" आपला तो कण वेचणारा ऋषी. पॅरिसचा तराजूवाला, ज्याची टिपणं आणि चित्रं त्याची बायको काढायची. इंग्लंडातला मास्तर, ज्याने अणू न बघताच अणूंची वजनं मांडली. "एका अणूचा खरा वजन त्याका तरी खंय ठाऊक होता? सगळ्यात हलको तो एक धरल्यान, बाकीचे त्याच्या पटीत. आधी एकक होया, गो!"

काकांचे सगळ्यात लाडके मात्र दोन भांडखोर. एक म्हणे, कुठल्याही संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलंच असतं, मग ते कुठूनही आणा. दुसरा म्हणे, तसं काही नाही, प्रमाण बदलतं. वर्षानुवर्षं भांडले, पण सभ्यपणे. शेवटी पहिला जिंकला. काका सांगताना असे खूश होत, जणू तो त्यांचा सख्खा मावसभाऊ.

हेच भांडण त्यांच्या स्वयंपाकघरातही चाले, तेवढं सभ्यपणे नाही. काकू दर उन्हाळ्यात मालवणी मसाला करायच्या. मिरच्या तेवढ्या वजनावर आणलेल्या, दोन किलो. बाकी धने, बडीशेप, दगडफूल, सगळं मुठीने. काका चिमटा घेऊन ओट्याशी उभे. "एकदा तरी मूठ तोलूक दे!" काकू मूठ पाठीमागे लपवत. "तुमचो तराजू तुमच्याकडे. माझो तराजू हो!" मी त्यांच्याकडे दोनच उन्हाळे हा तमाशा बघितला. हसून हसून पोट दुखलं होतं.

तिसऱ्या वर्षी, थंडीत, काकू गेल्या. आठ दिवसांचा ताप, बस. काका उदबत्ती लावत राहिले, पण तोलेनात. कुणाला काही विचारेनात. मला मेलीला आधी बरंच वाटलं, वेळेवर ऑफिसला पोचत होते. मग एक दिवस त्यांच्या ओट्यावर मसाल्याची बरणी दिसली. तळाला चार बोटं मसाला उरला होता. काका बोटं लावून मोजत होते.

"ह्या संपला की संपला," ते म्हणाले.

एप्रिल लागला आणि काकांचं डोकं फिरलं, असं बिल्डिंगचं मत पडलं. हातात एक हिरवी काचेची बांगडी घेऊन ते दारोदार फिरू लागले. "जरा घालून बघशात?" तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकूंनी तर जिन्यातच जाहीर केलं, "वाट लागली! म्हातारा बायको शोधतोय. वर्ष तरी सरू द्यायचं ना!" मलाही राग आला. मला काकू आवडायच्या.

रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. सासूबाई आत होत्या. मी फणकाऱ्यानेच हात पुढे केला. बांगडी सरळ आत गेली, ना सैल, ना घट्ट.

"बसली!" काका ओरडले. "तुजो हात तिच्या मापाचो!"

"काका, शोभतं का हे तुम्हाला?" मी म्हणाले.

त्यांना काही कळलंच नाही. त्यांनी खिशातून वही काढली. पानापानावर त्यांचं बारीक अक्षर. एकेका उन्हाळ्याचं एकेक पान. धने सात मुठी, बडीशेप दीड, दगडफूल पाऊण. इतकी वर्षं ओट्याशी भांडता भांडता ते मोजत होते. "आकडे आसत. एकक नाय," ते म्हणाले. "मिरची किलोत, बाकी तिच्या मुठीत. माझ्या पंजाचा काय उपयोग? तुजी मूठ माका तोलूक दी, चेडवा."

मला इतकी लाज वाटली की चप्पल न घालताच मी त्यांच्याबरोबर गेले.

धन्याची एक मूठ त्या इवल्या पारड्यात मावेना, म्हणून तीन भागांत तोलली. दुसरी मूठ पहिलीपेक्षा जड निघाली. तिसरी हलकी. काका घामाघूम. "एकसारखी घे गो!" मी दहा मुठी घेतल्या, दहाही वेगळ्या.

"मूठ आहे काका, माप नाही," मी शेवटी चिडून म्हणाले.

काकांनी चिमटा खाली ठेवला. "ता पण ह्याच म्हणायचा," ते काकूंबद्दल म्हणाले. "आणि माका कळूक होया होता. ठरलेला प्रमाण संयुगाचा. मसालो म्हणजे मिश्रण. आयुष्यभर पोरांका सांगलंय आणि घरात तिच्याशी भांडलंय. तो दुसरो भांडखोर अगदीच खोटो नव्हतो गो."

मग त्यांनी तराजूच्या पेटीचं काचेचं दार लावलं. "तू घाल. माका दाखव नको." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी वहीतल्या आकड्यांप्रमाणे घालत गेले, मुठीत किती आलं ते न बघता. काका पाठमोरेच मोजत होते, अगदी हळू आवाजात. सातव्या मुठीला त्यांना रडू फुटलं. मीही रडले, उगाच का लपवू?

मसाला भाजून, गिरणीतल्या डंखावर कुटून आला. काकांनी चिमूटभर जिभेवर ठेवला. "तिच्यासारखो नाय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिचोय दरवर्षी सारखो खंय व्हायचो!"

नवा मसाला बरणीत भरला. जुन्या बरणीत आता जेमतेम दोन चमचे होते. मला वाटलं, ते जपून ठेवतील, कॉलेजातल्या नमुन्यासारखे, चिठ्ठी लावून. पण काकांनी जुनी बरणी नव्या बरणीवर उपडी केली, तळ थोपटला आणि मोठ्या चमच्याने सगळं ढवळलं. हे मात्र त्यांनी तोललं नाही.

रिकामी बरणी हातात धरून ते तिच्या आत बघत राहिले. त्यांचा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी त्यांच्याने विचारवेना. म्हणून मीच विचारला.

"काका, खंय गेला?"

त्यांनी नव्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. "खंय नाय गो," ते म्हणाले. "जागा बदलल्यान."