टायरला काजळ

टायर कधी बदलावा, हे मला विचारा! कुंभकोणमात मोटारी मोजून वीस, पण मोटारीच्या चाकाला कधी हात न लावता हे शास्त्र शिकलेली बाई मी एकटीच. रबराला भेगा पडल्या, नक्षी झिजून टायर आमच्या मामंजींच्या टाळूसारखा गुळगुळीत झाला, आणि आतलं कापड दात विचकू लागलं, की समजावं, संपलं! बदला! एवढं ज्ञान मला आज आहे. त्या मंगळवारी नव्हतं.

आमचे हे डॉक्टर. युद्ध चाललेलं, मलायाचं रबर जपान्यांनी गिळलेलं, त्यामुळे सरकारी परवान्यावाचून टायर मिळेना. मागच्या डाव्या टायरपायी मोटार अंगणात उभी, आणि हे खेडोपाडी स्वामीनाथच्या बैलगाडीतून. सकाळी रघू उठायच्या आत जायचे, तो झोपल्यावर यायचे. अकरा महिन्यांचं लेकरू, बापाला ओळखेना! एका रविवारी यांनी उचलून घेतला तर असा किंचाळला, की शेजारच्या विशालाक्षीमामी सांडशी घेऊन धावल्या. हे हसले. पण मान वळवून हसले. ते मी पाहिलं, आणि मनाशी म्हटलं, टायर आलाच पाहिजे.

मंगळवारी पहाटे हे म्हणाले, “मरुदानल्लूरला बाळंतीण अडलीय. आज परवान्याचे अधिकारी टायर बघायला येणार. तोवर येतोच मी.” आणि गेले.

बघायला येणार!

सासूबाई अंगणात आल्या. टायरकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. “काय गे, बघायला येणार, आणि हा असा फाटक्या तोंडाचा उभा?”

“मग काय करू?”

“तुला बघायला आम्ही आलो, तेव्हा तुझ्या आईनं आठ दिवस हळद लावली होती ना तुला?”

“पंधरा,” मी खरं ते सांगितलं.

“मग!”

लागलो दोघी कामाला. काथ्या आणि शिकेकाईनं टायर न्हाऊ घातला. मग एरंडेल चोळलं. तरी भेगा दिसतच होत्या, आणि त्यातून ते मेलं पांढरं कापड! मी रघूची काजळाची डबी आणली. दिव्यावर तांब्याची ताटली धरून महिनाभराचं काजळ पाडलं होतं, ते सगळं करंगळीनं एकेका भेगेत भरलं. वाया गेलं नाही बरं! टायर सारंगपाणीच्या देवळातल्या हत्तीसारखा लखलखायला लागला.

अधिकारी आले, शंकरनारायण अय्यर. पांढरीशुभ्र पॅन्ट, जाड चष्मा. त्याच वेळी यांची बैलगाडी दारात थांबली. मी दाराआड.

अय्यर टायरपाशी वाकले, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. “डॉक्टर, हा तर तरणाताठा टायर! आणखी दोन वर्षं ओढेल.”

हे गाडीतून अर्धे उतरले होते, ते तसेच राहिले. “अहो सर, काल याचं कापड बाहेर आलं होतं!”

“काल आलं होतं, मग आज आत गेलं? औषध दिलंत की काय?”

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “बघ! पसंत पडला!”

माझ्या हातात रिकामी डबी. अय्यरांनी कागदावर काट मारायला पेन उघडलं...

आणि माझ्या पायांमधून रघू निसटला! रांगत थेट टायरपाशी. टायर धरून उभा राहिला, दोन्ही पंज्यांनी खसाखसा पुसला, वळला, आणि अय्यरांच्या पांढऱ्या पॅन्टला गच्च मिठी मारली.

पॅन्टवर दहा काळी बोटं. आणि टायरवर पांढरं कापड!

अय्यरांनी बोटानं भेग खरवडली. बोटाचा वास घेतला. “टायरला काजळ? लेकरांच्या डोळ्यांतलं?”

यांनी दाराकडे पाहिलं. मी पदर चेहऱ्यावर ओढून बाहेर आले. “बघायला येणार म्हणाले होते,” एवढंच कसंबसं बोलले.

अय्यर पॅन्ट झटकून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, “परवान्यासाठी नवा टायर जुना करून दाखवणारे मी रोज पाहतो. जुन्याचा नवा करणारी तुम्ही पहिलीच, अम्मा!” आणि सही केली.

नवा टायर आला. किती सुंदर! इतका सुंदर, की हे त्याला मातीला टेकवेनात. “असा पुन्हा मिळायचा नाही. उगाच झिजवायचा नाही!” मोटार विटांवर चढली, टायर सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ओसरीच्या खांबाला टेकवला, आणि हे पुन्हा स्वामीनाथच्या गाडीत!

काल दुपारी रघूनं लुगडं ओढलं, टायर धरून उभा राहिला आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलला, “अप्पा!” बापाला मारायची हाक, आणि हे त्या वेळी तिरुविसनल्लूरला होते.

आल्यावर मी सांगितलं. यांचा चेहरा कसा उजळला! “खरं? कुणाला म्हणाला?”

“तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला म्हणेल!”

टायर तिथंच उभा होता, पण काही बोलला नाही.